आकाश फिरवा, पण उजेडासकट

समुद्राकाठच्या टॉवरांची ब्रोशरं चाळायला बसलात तर एक चित्र हमखास भेटतं. मागे अरबी समुद्र, क्षितिजाला टेकलेला केशरी सूर्य, ढगांच्या कडा पेटलेल्या. पुढे इमारत. तिचा आपल्याकडचा दर्शनी भाग सोनेरी उन्हात उजळलेला, प्रत्येक बाल्कनीची सावली खालच्या भिंतीवर रेखीव उमटलेली.

सूर्य इमारतीच्या मागे आहे. मग पुढच्या भिंतीवर हे ऊन आलं कुठून?

मुंबईत समुद्र पश्चिमेला. समुद्र मागे दिसतो म्हणजे बघणारा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे आणि त्याला दिसणारी भिंत पूर्वेची आहे. सूर्यास्ताला पूर्वेच्या भिंतीवर ऊन येत नाही. तिथे त्या वेळी निळसर, सपाट सावली असते. म्हणजे भिंतीवरचं ऊन सकाळचं आणि मागचं आकाश संध्याकाळचं. एकाच कागदावर दिवसाची दोन टोकं शिवली आहेत, आणि तो कागद बघून माणसं वीस-वीस वर्षांचं कर्ज काढतात.

याला कलेचं स्वातंत्र्य म्हणायला मी तयार नाही. ही गफलत यंत्रात नेमकी कुठे होते ते ठाऊक आहे, आणि ती टाळणं किती सोपं आहे हेही. म्हणूनच तिचा राग येतो.

अशी चित्रं, म्हणजे थ्रीडी व्ह्यू, संगणकावर करणारी मंडळी आज उजेडासाठी सर्रास एचडीआरआय नावाचं आकाशाचं चित्र वापरतात. एका जागी उभं राहून चहूबाजूंनी, वरखाली, वेगवेगळ्या एक्स्पोजरला फोटो काढायचे आणि ते जोडून अख्खं आकाश एका चित्रात आणायचं. आडवं 360 अंश, उभं 180 अंश, म्हणून रुंदी उंचीच्या दुप्पट. साध्या फोटोत सूर्य आणि ऊन लागलेला ढग दोन्ही सारखेच पांढरेफटक होतात. इथे सूर्य त्या ढगाच्या हजारो पटींनी तेजस्वी आहे ही नोंद आकड्यांत शिल्लक राहते. हे आकाश मॉडेलभोवती गुंडाळलं की त्याचा प्रत्येक पिक्सेल उजेड देऊ लागतो.

ही वाट संशोधक पॉल डेबेवेक यांनी घालून दिली. 1997 मध्ये त्यांनी जितेंद्र मलिक यांच्यासह साध्या फोटोंमधून दृश्यातलं खरं तेज परत कसं काढायचं ते मांडलं. पुढच्याच वर्षी, 1998 च्या सिग्राफ या संगणक-चित्रणाच्या परिषदेत, संगणकातली वस्तू खऱ्या जागेच्या उजेडात कशी ठेवायची ते दाखवलं. जागेवर आरशासारखा चकचकीत गोळा ठेवायचा, त्यात उमटलेलं भोवतालचं जग टिपायचं आणि तोच उजेड संगणकातल्या वस्तूवर सोडायचा. 1999 च्या ‘फिआट लक्स’ या लघुपटात रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकामध्ये त्यांनी संगणकातले गोळे आणि शिळा उतरवल्या, त्या याच आधारावर. मागचं दृश्य आणि वस्तूवरचा उजेड एकाच जागेचे, एकाच वेळेचे, एकाच दिशेचे असतील तरच वस्तू तिथली वाटते. या दोघांची फारकत होऊ नये म्हणून तर ही पद्धत जन्माला आली. तीच वापरून आपण फारकत करतो आहोत.

कशी, ते सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये आकाशाला एकच खाना नसतो. कॅमेऱ्याला मागे काय दिसावं हा एक. मॉडेलवर उजेड कुठून पडावा हा दुसरा. काचेत, पाण्यात, पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटमध्ये प्रतिबिंब कशाचं दिसावं हा तिसरा. राइनोमध्ये तर तिन्हींना तीन वेगळी आकाशं लावता येतात. थ्रीडीएस मॅक्समध्ये व्ही-रे वापरणारा आधी डोम लाइटमध्ये, म्हणजे उजेड देणाऱ्या घुमटात, एचडीआरआय टाकतो, मग तोच नकाशा, म्हणजे आकाशाचं ते चित्र, ओढून बॅकग्राउंडच्या खान्यात नेतो. तिथे एक छोटी खिडकी उघडते आणि विचारते: इन्स्टन्स की कॉपी? इन्स्टन्स म्हटलं तर नकाशा एकच राहतो, कुठूनही फिरवला तरी दोन्हीकडे फिरतो. कॉपी म्हटलं तर दोन सुटे नकाशे होतात आणि त्या क्षणापासून उजेडाला आकाशाचा पत्ता राहत नाही. ब्लेंडरमध्ये नोड नावाचे डबे तारांनी जोडतात, म्हणून तिथे हाच प्रश्न तारांचा आहे. आकाश फिरवणारा मॅपिंगचा एकच नोड दोन्ही आकाशांना जोडला असेल तर झेड अक्षाभोवतीचा कोन दोघांना एकदम लागतो. दोन नोड असले की एक फिरतो आणि दुसरा मागे राहतो.

मग मीटिंग होते. भिंतीवरचं ऊन आधीच सगळ्यांना आवडून पास झालेलं असतं. आता मार्केटिंगवाल्यांना इमारतीच्या डोक्यावर तो पेटलेला ढग हवा असतो. व्ह्यू करणारा मुलगा बॅकग्राउंड तेवढं फिरवतो. उजेड जागचा हलत नाही, कारण हलवला तर पास झालेलं ऊन जाईल. काचेतलं प्रतिबिंब तिसरीकडेच राहतं. मीटिंग संपते, फाइल छपाईला जाते. त्या खोलीत वास्तुविशारद बसलेला असतो, अभियंता बसलेला असतो. सूर्य कुठून उगवतो हे दोघांनाही माहीत असतं. दोघंही बोलत नाहीत. माझा खरा रोष त्या गप्प बसण्यावर आहे. बावीस वर्षांच्या मुलाला सांगितलं गेलं ते त्याने केलं. ज्यांचं शिक्षणच दिशा, ऊन आणि वारा यांपासून सुरू झालं त्यांनी ते होऊ दिलं.

दृश्य आणि उजेड कधी वेगळे करूच नयेत असं मात्र मी म्हणणार नाही. त्याला एक रास्त कारण आहे. 8192 पिक्सेल रुंदीचा नकाशा घेतला आणि कॅमेऱ्याला 60 अंशांचं दृश्य दिलं, तर त्या नकाशातले जेमतेम 1,365 पिक्सेल कॅमेऱ्यासमोर येतात. ब्रोशरचं पान 4,000 पिक्सेलांचं असेल तर मागचं आकाश धुरकट दिसणार. ते स्वच्छ हवं तर जवळजवळ 24,000 पिक्सेलांचा नकाशा लागेल, आणि तो पेलताना कॉम्प्युटर गुडघे टेकेल. म्हणून मागे वेगळा, सुस्पष्ट फोटो लावणं योग्यच. चांगले स्टुडिओ प्लॉटवर ड्रोन उडवतात, होणाऱ्या मजल्याच्या उंचीवरून खरं दृश्य टिपतात आणि तेच मागे ठेवतात. पण अशा वेळी नियम उलटा होतो. फोटो फिरवता येत नाही, म्हणून उजेडाने त्याच्यामागे जायचं. फोटो किती वाजता काढला ते फाइलमध्येच नोंदलेलं असतं, ड्रोनचं तोंड कुठे होतं तेही बहुधा मिळतं. फोटोतल्या विजेच्या खांबांच्या आणि शेजारच्या इमारतींच्या सावल्या समोरच असतात. त्या ज्या बाजूला पडल्या आहेत त्याच बाजूला मॉडेलची सावली पडली पाहिजे. दुसरी बाजू नाही.

सूर्याचा स्वतःचा एक वेगळाच घोळ आहे. आकाशात त्याचा व्यास अर्ध्या अंशाचा, म्हणजे त्या 8192 पिक्सेलांत 12 पिक्सेलांचा ठिपका. पण निरभ्र दुपारी जमिनीवर सुमारे 1,00,000 लक्स उजेड पडतो त्यातला बहुतेक या ठिपक्यातून येतो. उरलेलं सगळं निळं आकाश मिळून दहा-वीस हजारांची भर घालतं. फोटो काढताना हा ठिपका पुरेशा गडद एक्स्पोजरला टिपला नाही तर त्याचं तेज कापलं जातं आणि सावल्या विरघळतात. सावल्या विरघळल्या की चुकीची दिशा झाकली जाते, आणि चित्र मलूल दिसतं. मग मलूलपणा घालवायला वेगळा सूर्य लावला जातो, त्याची दिशा कोणी तपासत नाही. आणि नकाशातला सूर्य शाबूत असताना वर हा दुसरा सूर्य लावला, तर गेटवरच्या एका खांबाला दोन सावल्या पडतात. अशी चित्रं होर्डिंगवर चढलेली आहेत.

नकाशा कुठला आहे हेही बघावं लागतं. पॉली हेवन हे फुकट आणि उत्तम एचडीआरआय देणारं संकेतस्थळ जगभर वापरलं जातं, आपल्याकडेही. ते दक्षिण आफ्रिकेतून चालतं आणि त्यावरची पुष्कळ आकाशं तिथलीच आहेत. जोहान्सबर्गमध्ये भर दुपारचा सूर्य बारा महिने उत्तरेला असतो. तिथल्या दुपारच्या आकाशाची उत्तर आपल्या उत्तरेला नीट जुळवली, तर पुण्यातल्या इमारतीच्या उत्तरेच्या भिंतीवर डिसेंबरातही भर दुपारी ऊन येईल. पुण्यामुंबईत दुपारचा सूर्य उत्तरेकडे झुकतो तो मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत, आणि तोही थोडासाच. या काळाच्या दोन टोकांना आपण शून्य सावलीचा दिवस पाळतो, शाळेतली मुलं मैदानात काठ्या रोवून बसतात. 21 डिसेंबरला पुण्यात मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला असतो, जेमतेम 48 अंशांवर. परदेशी आकाश वापरायला हरकत नाही. ते आपल्या सूर्यावर आणून बसवायचे कष्ट मात्र घ्यायला हवेत.

कष्टही फार नाहीत. पुणं, मेचा मध्य, दुपारचे साडेचार. भारतीय प्रमाणवेळेमुळे पुण्यात सूर्याचे बारा तेव्हा घड्याळात साडेबाराला वाजतात, म्हणून साडेचार म्हणजे सूर्याचे चार. त्या क्षणी सूर्य क्षितिजापासून सुमारे 33 अंश वर आणि उत्तरेपासून उजवीकडे मोजत गेलं तर 281 अंशांवर, म्हणजे ठीक पश्चिमेच्या किंचित उत्तरेला. आता तो 8192 पिक्सेलांचा नकाशा उघडा. त्याचा मध्य उत्तर धरला आणि सूर्याचा ठिपका डावीकडून 2048 व्या पिक्सेलवर सापडला, तर तो 270 अंशांवर आहे. आपल्याला 281 हवेत. वरून बघताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे 11 अंश फिरवा, संपलं. सगळं एकत्र फिरवा: उजेड, प्रतिबिंब, मागचं आकाश.

उंचीचं मात्र फिरवून भागत नाही, ती फोटोतच गोठलेली असते. 33 अंशांवरचा सूर्य 4096 ओळींच्या नकाशात वरून सुमारे 1,300 व्या ओळीत असायला हवा. तो 600 व्या ओळीत असेल तर ते आकाश भर दुपारचं आहे. खाली वाकवायला जाल तर क्षितिज तिरपं होईल. दुसरं आकाश शोधा.

वाटेत दोन खड्डे आहेत. काही सॉफ्टवेअरांत अधिक चिन्हाचा कोन घड्याळाप्रमाणे जातो, काहींत उलट, आणि नकाशाचा मध्य प्रत्येकाने आपापल्या अक्षाला टांगलेला आहे. त्यामुळे एकातला आकडा दुसऱ्यात जसाच्या तसा चालत नाही. दुसरा खड्डा जास्त खोल. प्लॉट तिरपा असतो, पण ड्रॉइंग कागदावर सरळ बसावं म्हणून इमारत सरळ काढतात. रेव्हिट या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी प्रोजेक्ट नॉर्थ आणि ट्रू नॉर्थ अशा दोन उत्तरा असतात. मॉडेल व्ह्यूवाल्याकडे पोचेपर्यंत खरी उत्तर वाटेतच गळते आणि कागदाची वरची कड हीच उत्तर ठरते. 30 अंशांची चूक इथेच झाली तर पुढचा सगळा हिशेब पाण्यात. म्हणून मॉडेल पाठवताना खऱ्या उत्तरेचा बाण मॉडेलमध्येच, जमिनीवर काढून पाठवावा. आणि व्ह्यूवाल्याने अंतिम चित्र रेंडरला लावण्याआधी सीनच्या मध्यावर एक उभा खांब, एक राखाडी गोळा आणि एक चकचकीत गोळा ठेवावा. खांबाची सावली सूर्याच्या बरोबर उलट पडावी, राखाडी गोळ्याची उजळ बाजू आणि चकचकीत गोळ्यातला सूर्य एकच दिशा सांगावेत. मागच्या फोटोने त्यांना दुजोरा द्यावा. छोटं रेंडर पाच मिनिटांत होतं.

एवढा आटापिटा कशासाठी, असं कोणी विचारेल. तोच मेचा दिवस आणि तेच साडेचार घ्या. पश्चिमेची बेडरूम, 120 सेंटिमीटर उंच खिडकी, वर 60 सेंटिमीटरचा छज्जा. त्या सूर्याला हा छज्जा खिडकीच्या वरच्या 40 सेंटिमीटरवरच सावली देतो. खालच्या 80 सेंटिमीटरमधून ऊन थेट आत. खिडकीचा कट्टा जमिनीपासून 90 सेंटिमीटरवर असेल तर उन्हाचा पट्टा भिंतीपासून सुमारे 1.3 मीटरवर सुरू होतो आणि 2.5 मीटरपर्यंत जातो. बेडरूममध्ये तिथे पलंग असतो. पलंगावर दुपारी आजी झोपते, किंवा बाळ. हा पट्टा अस्तापर्यंत आत सरकत राहतो, भिंती तापतात आणि रात्री अकरापर्यंत ती उष्णता खोलीत ओकत राहतात. ब्रोशरमध्ये त्याच बेडरूममध्ये पांढऱ्या पडद्यातून मंद, गार उजेड झिरपत असतो. तो उत्तरेचा उजेड आहे. कोणीतरी आकाश 90 अंश फिरवून तो पश्चिमेच्या खिडकीत आणला आहे. घेणाऱ्याला एसीचा खर्च दाखवला नाही, जाड पडदे दाखवले नाहीत, रात्रीची तगमग दाखवली नाही.

खिडकीतला समुद्र आणि खिडकीतलं ऊन मुंबईत एकाच दिशेने येतात. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी कंबाला हिलवरची कांचनजंगा याच अडचणीतून घडवली. 1983 मध्ये पूर्ण झालेली, 28 मजली, 32 घरांची ही इमारत. वारा आणि उत्तम दृश्य पूर्व-पश्चिमेला, तळपतं ऊन आणि पावसाचा मारा त्याच बाजूंनी. जुन्या बंगल्यांनी यावर भोवताली व्हरांडे बांधले होते. कोरियांनी तेच तत्त्व उंच नेलं आणि इमारतीच्या कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या कोरल्या, म्हणजे समुद्र दिसेल आणि ऊन थेट खोलीत शिरणार नाही. ती इमारत आजही रस्त्यावरून बघितली तर त्या गच्च्यांमधली गडद सावली आधी दिसते. सुट्या आकाशाखाली तिचं रेंडर केलं, तर त्या गच्च्या तिथे का आहेत हे कोणालाच कळणार नाही. मला भीती आहे ती याची. उजेड चित्रात खोटा झाला की छज्जे, जाळ्या, व्हरांडे हा फुकटचा खर्च वाटायला लागतो. मग ते इमारतीच्या आराखड्यातून कापले जातात.

खोट्या जाहिरातीविरुद्ध घर घेणाऱ्याच्या हाती कायदा आहे: 2016 चा रेरा. त्याच्या 12 व्या कलमाप्रमाणे जाहिरातीतल्या, माहितीपत्रकातल्या किंवा सॅम्पल फ्लॅटमधल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाचं नुकसान झालं तर बिल्डरने भरपाई द्यायची. ग्राहकाला बाहेर पडायचं असेल तर पूर्ण रक्कम व्याजासह परत. महारेराने, म्हणजे महाराष्ट्रातल्या रेरा प्राधिकरणाने, 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा केला. कायद्यात सावलीचा उल्लेख नाही, आणि चित्राच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘कलाकाराच्या कल्पनेतून’ असं छापून सगळे मोकळे होतात. माझ्या मते सोफा, झाडं, कारंजं ही कल्पना असू शकते. पश्चिम ही कल्पना नाही. फ्लोअर प्लॅनवर उत्तरेचा बाण छापता, तोच बाण प्रत्येक व्ह्यूखाली छापा, शेजारी तारीख आणि वेळ लिहा. महारेराने हे सक्तीचं करावं. क्यूआर कोडइतकीही जागा लागणार नाही.

व्ह्यू करणाऱ्या मुलामुलींना एकच सांगायचं आहे. मागे सूर्यास्त हवा असेल तर पुढची भिंत सावलीत जाऊ द्या आणि घरांतले दिवे लावा. निळ्या सावलीतल्या इमारतीत उजळलेल्या खिडक्या आणि मागे तांबडं आकाश: हे दृश्य खरं आहे, मुंबईत रोज संध्याकाळी दिसतं, आणि त्या शिवलेल्या सोनेरी चित्राहून कितीतरी देखणं आहे. भिंतीवर ऊनच हवं म्हणत असतील तर वेळ सकाळची करा, समुद्र निळा दाखवा. दोन्ही एकदम मागितलं तर नाही म्हणा, आणि का नाही ते खांबाची सावली दाखवून सांगा.

आणि येत्या रविवारी सेल्स ऑफिसात जाणार असाल, तर दार कुठल्या तोंडाचं हे तर विचाराच, आपण ते विचारतोच. पुढे आणखी एक मागा. ‘आमच्या फ्लॅटच्या बेडरूमचं, मेमधल्या साडेचारचं, खऱ्या उत्तरेला जुळवलेलं चित्र द्या.’ मॉडेल त्यांच्याकडे तयार आहे, आकाश तयार आहे, कोन तेवढा टाकायचा आहे. नाही म्हणाले तर बुकिंगचा चेक खिशातच ठेवा आणि त्या खोलीत साडेचारला काय होतं ते लेखी मागा.